डाल्टनचे डोळे

केमिस्ट्रीत ज्याचा अणुसिद्धांत आपण सगळ्यांनी घोकला, त्याच जॉन डाल्टनबद्दल लिहितेय. (मी कॉन्व्हेंटवाली, मराठी सांभाळून घ्या!) इंग्लंडमधल्या ईगल्सफील्ड गावी १७६६ मध्ये विणकराच्या घरी जन्मला, बाराव्या वर्षी शाळेत शिकवायलाही लागला.

१७९२ मध्ये त्याने मेणबत्तीच्या उजेडात जिरेनियमचं गुलाबी फूल पाहिलं. दिवसा त्याला ते आकाशी दिसायचं, आता चक्क लाल! बाकीच्यांना असा बदल दिसेना, सख्ख्या भावाला मात्र दिसला. १७९४ मध्ये मँचेस्टरला त्याने यावर निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार, तोच लाल प्रकाश शोषतो. खात्री कशी करायची? मेल्यावर माझे डोळे तपासा, असं त्याने सांगूनच ठेवलं. काय हिंमत!

१८४४ मध्ये तो गेला. डॉक्टर जोसेफ रॅन्समने डोळा उघडला, तर द्रव पाण्यासारखा स्वच्छ. थिअरी साफ आपटली, पण डोळे जपून ठेवले गेले. १९९५ मध्ये त्यांच्या तुकड्यांची डीएनए टेस्ट झाली. रेटिनात तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांच्या सिग्नलची तुलना होऊन मेंदूत रंग ठरतो. डाल्टनकडे त्यातलं मधल्या तरंगलांबीचं रंगद्रव्यच नव्हतं, म्हणजे एक इनपुट मिसिंग. आमच्या बॅचचा एकजण रेझिस्टरचे पट्टे पार्टनरला विचारून वाचतो, त्याचंही असंच काहीतरी असणार.

फ्रेंचमध्ये रंगांधतेला आजही डाल्टनचंच नाव आहे.