ग्लुकेल

ग्लुकेलचा जन्म १६४६ च्या सुमारास जर्मनीतील हांबुर्ग नगरीत एका ज्यू कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी तिचा विवाह हामेल्नच्या हाइमशी झाला. तो सोन्यामोत्यांचा व्यापारी होता. व्यापारात तो पत्नीचा सल्ला घेई.

१६८९ मध्ये हाइम अकस्मात निवर्तला. पदरी बारा मुले आणि डोक्यावर कर्ज! परंतु ग्लुकेल खचली नाही. तिने कर्ज फेडले, व्यापार पुढे चालविला आणि दूरच्या जत्रांनाही ती जाऊ लागली.

दिवस कामात जाई; पण दुःखाने रात्री झोप येईना. तेव्हा १६९१ मध्ये तिने लेखणी हाती घेतली. मुलांना आपले पूर्वज कळावेत, ही तिची इच्छा होती. विद्वान मंडळी हिब्रूत लिहीत. तिने मात्र घरात बोलली जाणारी यिडिश भाषा निवडली.

पुढे तिने पुन्हा विवाह केला. परंतु दुसऱ्या पतीचे दिवाळे निघाले आणि तिचेही धन बुडाले. तरीही १७१९ पर्यंत तिने आत्मवृत्ताचे सात भाग पुरे केले. १७२४ मध्ये ती मेत्स नगरीत वारली.

वंशजांनी तिचे लेखन जपले. १८९६ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मोती गेले, धनही गेले. घरच्या भाषेतील ते शब्द मात्र टिकून राहिले.