बटाट्याच्या पेशीतली वीज

धान्याला कीड लागू नये म्हणून आणलेली गोळी पोटात गेलेला रुग्ण सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा आम्ही डॉक्टर हतबल होतो. या विषावर उतारा नाही. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. कारण गोळीतून निघणारा फॉस्फिन वायू पेशीतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या प्रथिनाला निकामी करतो. या प्रथिनाच्या अभ्यासात एका मराठी स्त्रीचा वाटा आहे. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. विदुषी दुर्गाबाई त्यांच्या भगिनी. जन्म १९११, इंदूरचा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या येऊनही बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. वर्षभर काम पाहू, या अटीवर त्या आत गेल्या आणि टिकल्या.

पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींवर काम केले. प्राण्यांप्रमाणे झाडांच्या पेशीही याच प्रथिनाच्या मदतीने श्वसन करतात, हे त्यांनी रॉबिन हिल यांच्यासह १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली.

हे प्रथिन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या पातळ पटलात रुतलेले असते. ते नेमके करते काय, हे पाहायला नवी युक्ती लागली. १९७४ मध्ये मॉस्कोतील शास्त्रज्ञांनी स्निग्ध रेणूंचे कृत्रिम पटल दोन द्रावणांच्या मध्ये धरले, शुद्ध केलेले प्रथिन त्याला जोडले आणि दोन्ही बाजूंना विद्युतअग्रे लावली. प्रथिन कामाला लागताच वीज निर्माण झाली व मोजताही आली. याच विजेच्या दाबावर पेशी आपले इंधन तयार करते. फॉस्फिन नेमका हाच वीजपुरवठा तोडतो.

तोवर कमलाबाई मायदेशी परतून मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी, नीरा अशा गरिबाच्या आहारावर काम करून मोकळ्या झाल्या होत्या. ‘आहारगाथा’ हे त्यांचे पुस्तक मराठी घरांसाठीच होते.

त्यांच्या विज्ञानाचा आपल्या घरापुरता धडा सोपा आहे. सातपूर-अंबडच्या एका खोलीच्या घरांत धान्याची कोठी आणि झोपायची जागा शेजारी-शेजारी असते. तिथे ही गोळी कधीही ठेवू नका. धान्य उन्हात खडखडीत वाळवा, कडुनिंबाचा पाला घाला. बंद खोलीत साठलेल्या वायूनेही पेशीतली वीज विझते.