प्रोफेसर आल्फ्रेड वेर्नर

मोरचुदाचा खडा पाण्यांत टाकला कीं पाणी निळें होतें, हें प्रयोगशाळेंत गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. त्यांत अमोनिया घालीत गेलें म्हणजे प्रथम फिकट निळा सांका बसतो व पुढें तो विरघळून गडद निळा रंग चढतो. तोच खडा तापवून कोरडा केला तर पांढरा फटफटीत पडतो. तांबें तिन्ही वेळां तेंच. मग रंग कां पालटावा? या कोड्याची किल्ली ज्यांनीं शोधली, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

आल्फ्रेड वेर्नर यांचा जन्म ता. १२ डिसेंबर १८६६ रोजीं आल्सेस प्रांतांतील म्युलूझ येथें झाला. वडील लोखंडाच्या कारखान्यांत कामगार होते. १८७१ सालीं तो प्रांत फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला. वेर्नरांच्या घरांत मात्र फ्रेंच भाषाच चालू राहिली. घरामागील कोठारांत हा मुलगा रसायनांचे प्रयोग करी. पुढें झुरिक येथें शिकून त्यांनीं १८९० सालीं डॉक्टरची पदवी मिळविली.

त्या काळीं कोबाल्टच्या रंगीबेरंगी क्षारांनीं शास्त्रज्ञांस बुचकळ्यांत टाकलें होतें. तीन क्लोरीन असलेल्या कोबाल्ट क्लोराइडाशीं अमोनियाचे सहा रेणू संयोग पावले म्हणजे पिवळा क्षार होतो, पांच असतां जांभळट तांबडा, चार असतां हिरवा. पिवळ्याच्या द्रावणांत सिल्व्हर नायट्रेट घातलें तर तिन्ही क्लोरीन सांक्याच्या रूपानें खालीं बसतात. जांभळटांतून दोन, हिरव्यांतून एकच. कोपनहेगनचे प्रोफेसर योर्गेन्सन यांनीं असे क्षार अत्यंत काळजीपूर्वक तयार केले होते. अमोनियाचे रेणू धातूपासून साखळीसारखे लोंबत असतात, असें त्यांचें मत होतें.

एका रात्रीं दोन वाजतां वेर्नर जागे झाले, तों उत्तर मनांत तयार! लागलीच ते लिहावयास बसले व सायंकाळीं पांच वाजतां लेख पुरा करून उठले, असें सांगतात. १८९३ सालीं तो प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांचें वय अवघें सव्वीस होतें. त्यांची कल्पना अशी : कोबाल्टभोंवतीं जणूं सहा पाट मांडलेले आहेत, चार सभोंवार, एक वर, एक खालीं. अमोनियाचा पाट रिकामा झाला कीं तेथें क्लोरीन येऊन बसतो, आणि पाटावर बसलेला क्लोरीन सहजासहजीं उठत नाहीं. पंगतीबाहेर राहिलेलाच काय तो सांक्यांत उतरतो.

या उपपत्तीप्रमाणें हिरव्या क्षारांत दोन क्लोरीन समोरासमोर बसलेले असतात. ते शेजारीं बसले तर तोच क्षार निराळ्या रूपानें मिळावयास हवा. तो कोणासच मिळेना! विरोधकांचें हेंच मोठें हत्यार होतें. तो तरुण प्रोफेसर वर्षानुवर्षें खपला, आणि अखेर १९०७ सालीं तो क्षार हातीं आला, रंग जांभळा. योर्गेन्सन यांनीं तेव्हां आपला आग्रह उदारपणें सोडला. आमच्या मतें या कथेंत त्यांचा मान फारसा कमी नाहीं, कारण वेर्नरांच्या विचाराचा पाया त्यांच्याच प्रयोगांवर घातलेला होता. १९१३ सालीं वेर्नरांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें प्रकृति ढासळली व ता. १५ नोव्हेंबर १९१९ रोजीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, ते झुरिक येथें निवर्तले.

पाट बदलला कीं रंग बदलतो, हें त्यांच्या क्षारांनीं दाखविलें. पण कां, हें कळण्यापूर्वींच ते गेले. १९२९ सालीं हान्स बेथे यांनीं त्याचा मार्ग दाखविला. धातूच्या आयनांतील कांहीं इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या, भोंवतालच्या शेजाऱ्यांमुळें, वरखालीं होतात. खालच्या पायरीवरील इलेक्ट्रॉन पांढऱ्या प्रकाशांतला नेमका एक भाग गिळून वर उडी घेतो, व उरलेला रंग आपल्या डोळ्यांस दिसतो. (पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंग मात्र निराळ्या कारणानें येतो, तेथें इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून मँगॅनीजकडे जातो.) जस्ताच्या आयनांत त्या पायऱ्या पूर्ण भरलेल्या, म्हणून त्याचें द्रावण पाण्यासारखें स्वच्छ. तांब्याभोंवतीं पाण्याऐवजीं अमोनिया आला कीं पायऱ्यांतील अंतर वाढतें आणि निळा रंग गडद होतो. तापविल्यानें पाणी निघून गेलें कीं तें अंतर घटतें, शोषण तांबड्यापलीकडील अदृश्य किरणांकडे सरकतें, आणि मोरचूद पांढरा दिसूं लागतो.