वामनराव लाखे यांचे पूर्वायुष्य

रायपूरच्या लाखेनगरातून आपण सारेच जातो-येतो. परंतु ज्यांच्या नावाने ती वस्ती ओळखली जाते, त्या वामनरावांचे तरुणपण आजच्या पिढीस फारसे परिचित नाही.

वामन बळीराम लाखे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७२ रोजी रायपुरातच झाला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, तरी त्या राज्याच्या काळात छत्तीसगडात आलेली मराठी घराणी येथेच रुजली होती. वडील बळीराम गोविंदराव हे मूळचे गरीब. त्यांनी कष्टाने मिळवून काही गावे खरेदी केली. मुलाने गावांचा वसूल पाहत स्वस्थ बसावे, इतकी सोय घरात झाली होती.

वामनराव स्वस्थ बसले नाहीत, याचे श्रेय बऱ्याच अंशी शाळेतील एका मैत्रीला द्यावे लागेल. माधवराव सप्रे हे त्यांचे सहाध्यायी. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक सप्रे व रामराव चिंचोलकर, आणि मालक-प्रकाशक वामनराव. तिघांचीही मायबोली मराठी. पण ज्या प्रांताचे अन्न खाल्ले त्याची भाषा समृद्ध करावी, हा विचार त्यांना परका वाटला नाही. घरात मराठी सांभाळून बाहेर हिंदीत वावरणाऱ्या आपणा रायपूरकरांस हे वेगळे सांगायला नको!

मासिकाला लौकिक लाभला. हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाणारी सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये याच मासिकात आली. वर्गणीदार मात्र पुरेसे मिळेनात. तोटा वाढत गेला, आणि तो सोसण्याचा भार प्रकाशकावर. तीन वर्षे तग धरून १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले.

वय तिशीचे, हाती घेतलेले पहिलेच सार्वजनिक कार्य बुडालेले. वामनराव पुन्हा अभ्यासाला बसले, १९०४ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले व रायपुरात वकिली करू लागले.

पुढचा काळ अधिक परिचित आहे. १९१३ मध्ये त्यांनी रायपुरात सहकारी बँकेचा पाया घातला. सरकारने दिलेली ‘रावसाहेब’ ही पदवी असहकाराच्या चळवळीत त्यांनी परत केली. लोकांनी तिच्या जागी ‘लोकप्रिय’ ही उपाधी दिली. १९३० मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते तुरुंगात गेले. सत्याग्रहातील रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोक पांडव म्हणत. त्यांत युधिष्ठिराचा मान वामनरावांचा होता.