देवाच्या पंगतीचा शोध : विल्यम रॉबर्टसन स्मिथ

बारावीच्या परीक्षेनंतर मी गावच्या जत्रेला गेलो होतो. देवापुढे बकरे कापले गेले, भावकीत वाटे झाले आणि संध्याकाळी पंगत बसली. बांधाच्या भांडणावरून आमच्याशी अबोला धरलेले चुलत काकाही त्या दिवशी पंगतीत येऊन बसले होते. मी मात्र पानावरून उठलो. देवाला लाच द्यायची आणि त्याच्याकडून सुख मागायचे, हे मला पटत नाही, असे मी सर्वांदेखत सांगून टाकले. वडील रागावले. आजी काही बोलली नाही. तिने माझ्या वाट्याचे ताट झाकून ठेवले, एवढेच.

तिच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ मला पुढे दोन वर्षांनी लागला, आणि तोही एका स्कॉटिश प्राध्यापकामुळे. प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास वाचताना आमच्या सरांनी ग्रंथालयातला एक जाडजूड ग्रंथ माझ्या हाती दिला. तो सेमिटिक लोकांच्या धर्मावर होता. लेखकाचे नाव विल्यम रॉबर्टसन स्मिथ. ग्रंथ वाचता वाचता मी त्या माणसाच्या चरित्रात गुंतत गेलो.

स्मिथ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८४६ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायरच्या कीग या खेड्यात झाला. वडील फ्री चर्चचे धर्मोपदेशक. मुलांचे शिक्षण त्यांनी घरीच केले, आणि ते इतके चोख केले की १८६१ साली विल्यम वयाच्या पंधराव्या वर्षी ॲबर्डीन विद्यापीठात दाखल झाला. पुढे धर्मशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरोला गेले. तेथे त्यांनी पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक टेट यांच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणूनही काम केले. प्रयोगशाळा आणि हिब्रू व्याकरण एकाच वेळी सांभाळणारा हा विद्यार्थी जर्मनीत जाऊन तेथील बायबल-संशोधनाची नवी पद्धतही शिकून आला. १८७० साली, अवघ्या २३ व्या वर्षी, ॲबर्डीनच्या फ्री चर्च कॉलेजात ते हिब्रूचे प्राध्यापक झाले.

यानंतर मात्र वादळ उठले. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीत १८७५ साली त्यांचा बायबलवरील लेख प्रसिद्ध झाला. मोशेच्या नावावर असलेले ग्रंथ एका हातचे नाहीत, ते वेगवेगळ्या काळांत घडत गेले, असे त्यात मांडले होते. जर्मनीतल्या विद्वानांना हे नवे नव्हते; पण स्कॉटलंडमधल्या श्रद्धाळूंना तो घाव वाटला. चर्चने त्यांच्यावर रीतसर आरोपपत्र ठेवले. चौकशी वर्षानुवर्षे चालली. १८८० च्या मे महिन्यात समज देऊन त्यांना सोडण्यात आले, पण लगेच त्यांचा दुसरा लेख छापून आला आणि १८८१ साली त्यांचे अध्यापनपद काढून घेण्यात आले.

येथे मला एका गोष्टीचे नवल वाटते. स्मिथ नास्तिक नव्हते. चर्चमधून ते बाहेर पडले नाहीत; आपल्या श्रद्धेला सत्यशोधनाची भीती असू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी पानावरून उठलो तेव्हा मला त्यात शौर्य वाटले होते. स्मिथ यांना मात्र पंगतीतून उठवण्यात आले, आणि तरीही ते तिचे राहिले. या दोहोंत मोठे अंतर आहे.

कामधंद्याला ते मुकले नाहीत. ब्रिटानिकाच्या संपादनात ते सहभागी झाले आणि ती आवृत्ती १८८८ साली पुरी होईपर्यंत राबले. १८८३ मध्ये केंब्रिजला अरबीचे प्राध्यापक झाले. पुढे विद्यापीठाचे ग्रंथपालही झाले. १८८० च्या सुरुवातीस त्यांनी अरबी वेशात हेजाझमधून जेद्दा ते ताइफ असा प्रवास केला होता. टोळ्यांचे जीवन, त्यांची भाऊबंदकी, एकत्र जेवणाने जुळणारे नाते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १८८५ साली अरबांच्या नातेसंबंधांवर त्यांचे पुस्तक निघाले आणि १८८९ साली आला तो मी वर सांगितलेला ग्रंथ.

या ग्रंथाचा गाभा आहे बळी. प्राचीन इस्राएलात बळीचे अनेक प्रकार होते. ओला म्हणजे संपूर्ण होमबली. त्यात जनावराचे मांस वेदीवर सगळेच्या सगळे जाळले जाई. मिन्हा म्हणजे धान्याचे अर्पण. हत्तात आणि आशाम हे पाप व दोष यांच्या निवारणासाठी. आणि झेवाह शेलामीम हा सहभोजनाचा बळी. त्यात रक्त वेदीला, चरबी अग्नीला, ठरलेला वाटा पुरोहिताला आणि उरलेले मांस यजमान व त्याच्या माणसांना. शमुवेल संदेष्टा टेकडीवरच्या देवस्थानी निमंत्रितांसह बळीच्या जेवणाला बसतो, दावीदच्या घराण्याचा बेथलेहेमला वार्षिक बळी असतो, या बायबलमधील कथा याच प्रकाराच्या आहेत.

स्मिथ यांच्या आधी बहुतेकांची समजूत अशी की, बळी म्हणजे देवाला दिलेली भेट किंवा पापाची भरपाई. स्मिथ यांनी ती उलटी फिरवली. त्यांच्या मते बळीचे मूळ रूप म्हणजे पंगत. टोळी आणि तिचा देव एकाच रक्तामांसाचे भागीदार होतात आणि त्यातून त्यांचे नाते दर वेळी नव्याने बांधले जाते. भेटीची कल्पना पुढे शेती आणि खासगी मालमत्ता आल्यावर रुजली. पापक्षालनाचा भार राष्ट्रावर संकटे कोसळल्यावर वाढला. दुसरी गोष्टही त्यांनी ठासून मांडली. जुन्या धर्मात आधी आचार असतो, त्याचा अर्थ मागाहून येतो. लोक काय करतात ते शतकानुशतके टिकते; का करतात याचे उत्तर मात्र पिढीगणिक बदलते.

हा विचार दूरवर गेला. केंब्रिजमधील तरुण मित्र जेम्स फ्रेझर यांना स्मिथ यांनीच ब्रिटानिकासाठी निषेध आणि कुलचिन्ह या विषयांवर लिहायला बसवले. फ्रेझर यांनी १८९० साली आपला गोल्डन बाऊ हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम आणि मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड हेही त्यांचे ऋणी झाले.

स्मिथ यांचे सगळेच टिकले असे नाही. वाळवंटातील टोळी पहाटे उंट कापून सूर्योदयापूर्वी खाऊन संपवते, या ज्या जुन्या कथेवर त्यांनी भर दिला, ती पुढे संशयास्पद ठरली. सेमिटिक टोळ्यांत कुलचिन्हाची पूजा होती, हेही सिद्ध झाले नाही. १८९९ साली ह्यूबर्ट आणि मोस यांनी वैदिक यज्ञ व हिब्रू बळी शेजारी ठेवून दाखवले की, सर्व प्रकार एकाच मुळातून निघाले असे धरण्याची गरज नाही. अलीकडे जेकब मिलग्रोम यांनी तर हत्तात हा बळी माणसाला नव्हे, माणसांच्या पापांनी मळलेल्या पवित्र स्थानाला शुद्ध करतो, असे मांडले. म्हणजे पुरोहितांच्या ज्या विधींना स्मिथ उत्तरकालीन ओझे समजले, त्यांतही खोल विचार होता. तरीही प्रश्न स्मिथ यांचाच राहिला : एकत्र खाल्ल्याने माणसे एकमेकांची कशी होतात?

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि यहुद्यांची वेदी थांबली. बळीची जागा प्रार्थनेने घेतली. पण पंगत राहिली. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचे ताट मांडायचे, प्रार्थना म्हणायची आणि सर्वांनी मिळून खायचे. तेथे रक्त नाही, वेदी नाही. वाटून खाणे मात्र आहे.

स्मिथ यांना ते प्रश्न पुढे नेता आले नाहीत. क्षयाने शरीर पोखरले होते. अंथरुणावरूनच त्यांनी ग्रंथाची दुसरी आवृत्ती दुरुस्त केली आणि ३१ मार्च १८९४ रोजी केंब्रिजमध्ये देह ठेवला. वय होते ४७. त्यांना कीग येथेच पुरण्यात आले. त्यांची पुढची व्याख्याने पुस्तकरूपाने निघायला १९९५ साल उजाडले.

ग्रंथ मिटवला तेव्हा मला आजीचे झाकलेले ताट आठवले. देवाला लाच, हा अर्थ माझा होता, तिचा नव्हता. तिला त्या संध्याकाळी सगळे घर एका ओळीत बसलेले पाहायचे होते. दुरावलेले काका येऊन बसले आणि ज्याच्यावर तिचा जीव, तो नातू उठून गेला! जो खात नाही, तो आपण तुमच्यातला नाही असेच सांगतो. मी हे भर पंगतीत सांगितले होते.

मुक्या जनावराचा जीव घेणे मला आजही पटत नाही, आणि ते मी घरात बोलतो. पण गेल्या जत्रेला मी पंगतीत बसलो. माझ्या पानात भात आणि वांग्याची भाजी होती. शेजारी काका होते. आजीने वाढताना क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ती पुढच्या पानाकडे वळली.