जखमी सैनिकाचा फसलेला इलाज

कोका-कोला हे नाव ठाऊक नाही असा शहरी माणूस सापडणे कठीण. मात्र, या पेयाचे जनक डॉ. जॉन स्टिथ पेम्बर्टन हे युद्धात जायबंदी झालेले सैनिक होते आणि मॉर्फिनच्या विळख्यातून सुटण्यासाठी त्यांची धडपड सुरू होती, हे फार थोड्यांना माहीत असते.

पेम्बर्टन यांचा जन्म १८३१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात झाला. मेकन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन अवघ्या १९ व्या वर्षी त्यांनी व्यवसायाचा परवाना मिळविला. पुढे कोलंबस शहरात औषधनिर्मितीत त्यांचा जम बसला. यादवी युद्धात ते दक्षिणेकडील, म्हणजेच गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या बाजूने लढले आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १६ एप्रिल १८६५ रोजी कोलंबसच्या लढाईत त्यांच्या छातीवर तलवारीचा वार झाला. दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करून तेव्हा आठवडा उलटला होता!

जीव वाचला, पण वेदना राहिली. त्या काळी अशा वेदनेवर एकच हमखास उतारा होता. अफूपासून काढलेले मॉर्फिन. शरीर त्याला सरावते, मात्रा वाढवावी लागते. थांबवावे तर घाम, जुलाब, निद्रानाश सुरू होतो आणि अंगदुखी दुणावते. औषध जखम मागते आहे की व्यसन, हे रुग्णालाच उमगत नाही. युद्धानंतर अनेक माजी सैनिकांची हीच गत झाली.

पेम्बर्टन यांनी उत्तर शोधले ते दक्षिण अमेरिकेतील कोका या वनस्पतीत. तिच्यातील कोकेन मॉर्फिनचे व्यसन सोडविते, असा समज तेव्हा वैद्यकविश्वात पसरला होता. व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनीही १८८४ मध्ये कोकाची भलामण केली. अंगठा कापल्यानंतरच्या वेदनांमुळे मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या आपल्या मित्राला त्यांनी कोकेन दिले. तो मित्र दोन्हींच्या कचाट्यात सापडला.

अटलांटात स्थायिक झालेल्या पेम्बर्टन यांनी कोकायुक्त मद्य बाजारात आणले. मज्जातंतूंचे विकार आणि मॉर्फिनचे व्यसन यांवरील गुणकारी औषध म्हणून त्याची जाहिरात झाली. नोव्हेंबर १८८५ मध्ये शहराने दारूबंदीचा कौल दिल्यावर त्यांनी मद्याऐवजी साखरेचा पाक वापरून नवे पेय सिद्ध केले. मे १८८६ मध्ये ते पाच सेंटला एक पेला या दराने विकले जाऊ लागले. त्याला कोका-कोला हे नाव दिले त्यांचे भागीदार फ्रँक रॉबिन्सन यांनी.

पेय चालले, पण इलाज फसला. कोकेन तरतरी देते. मॉर्फिनची जागा ते भरून काढत नाही. आजारपण आणि पैशाची चणचण यांमुळे पेम्बर्टन यांनी पेयाचे हक्क विकले. १६ ऑगस्ट १८८८ रोजी, ५७ व्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अफूच्या आहारी गेलेला त्यांचा एकुलता एक मुलगा चार्ल्स १८९४ मध्ये मरण पावला. आसा कँडलर यांनी त्याच पेयावर अफाट संपत्ती उभारली.

हा प्रश्न पेम्बर्टन यांच्याबरोबर संपला नाही. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांपुढेही वेदना व व्यसन यांचे तेच जोडसंकट उभे राहिले. अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण विभागांनी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना जारी केल्या. दीर्घकालीन वेदनांसाठी रोज अफूजन्य औषधे घेणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन देण्याचा पर्याय त्यांत सुचविला आहे. मेंदूतील ज्या ग्राहींवर मॉर्फिन काम करते, त्यांनाच हे औषध चिकटते. पण त्यांना अंशतःच चेतविते. त्यामुळे वेदना शमते, तल्लफही आवरते आणि श्वास मंदावण्याचा धोका तुलनेने कमी राहतो. जोडीला व्यायाम आणि मानसोपचार असतात.

पेम्बर्टन रोगी होते आणि औषधकर्तेही. तरीही व्यसन उतरविण्याच्या त्यांच्या खटपटीत मूळच्या वेदनेला उत्तर नव्हते. ती बाजूला ठेवून व्यसनाशी लढता येत नाही, हे वैद्यकाला उमगायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला.