फक्त एक सही

परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिपचा फॉर्म, हॉस्टेलचं हमीपत्र. यातल्या किती कागदांवरचा मजकूर तुम्ही खरंच वाचलाय? खिडकीपलीकडचा क्लार्क पेनाने जागा दाखवतो, आपण सही ठोकतो आणि रांगेतून बाहेर पडतो. मीसुद्धा तेच करत आलेय.

१३ एप्रिल १५३४ ला लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात ५६ वर्षांच्या एका माणसासमोर असाच एक कागद आला. देवाला साक्षी ठेवून शपथ घ्यायची, यादीत नाव घालायचं, की घरी जायला मोकळं. त्याने आधी शपथेचा मजकूर वाचला. मग ज्या कायद्याखाली ती घ्यायची, तो कायदाच मागवून घेतला. दोन्ही ताडून पाहिले आणि सांगितलं की ही शपथ आपल्याला घेता येणार नाही. विचार करायला म्हणून त्याला बागेच्या बाजूच्या खोलीत बसवलं. तिथून त्याला दिसत होतं, लंडनचे धर्मगुरू शपथ घेऊन मोकळे होत होते. कुणी बागेत हास्यविनोद करत होतं, एकजण तर शपथ उरकून थेट पेयांच्या कोठीकडे वळला. पुन्हा आत बोलावून, दरम्यान कितीजणांनी शपथ घेतली ते त्याला सांगितलं गेलं. उत्तर तेच. चार दिवसांनी तो टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात होता.

हा थॉमस मोर. पॉलिटिकल सायन्सवाल्यांनो, तुमच्या ‘युटोपिया’वाला तोच. १५१६ साली आलेल्या त्या पुस्तकामुळे तो कुणी स्वप्नाळू लेखक असावा असं वाटतं. प्रत्यक्षात माणूस पक्का वकील. जन्म १४७८ चा, लंडनमधल्या वकिलाचा मुलगा. ऑक्सफर्डला दोनेक वर्षं काढली आणि मग वडिलांच्याच वाटेने गेला. विशीत त्याला संन्यासाची ओढ लागली होती. कार्थुशियन संन्याशांच्या मठाच्या सहवासात तो काही काळ राहिला. शेवटी त्याने लग्न केलं, पण मठातली एक गोष्ट सोबत घेऊन आला. अंगाला टोचणारा केसांचा जाड सदरा. पुढे मंत्री झाल्यावरही रेशमी कपड्यांच्या आत तो सदरा असायचाच. घरात तीन मुली आणि एक मुलगा. मुलींनाही त्याने मुलाच्या बरोबरीने लॅटिन आणि ग्रीक शिकवलं. त्या काळात हे लोकांना विचित्र वाटे. थोरली मार्गारेट त्यात सगळ्यात हुशार. हे नाव लक्षात ठेवा.

१५२९ मध्ये आठव्या हेन्री राजाने त्याला लॉर्ड चॅन्सेलर केलं. म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा मंत्री आणि मोठा न्यायाधीशही. आधीच्या चॅन्सेलरने, कार्डिनल वूल्सीने, या खुर्चीत असताना इतकं कमावलं होतं की हॅम्प्टन कोर्टचा भव्य राजवाडा उभा केला. न्यायाधीशाला पक्षकारांनी भेटवस्तू देणं यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नसे. आपल्याकडे कसं ‘चहापाणी’ म्हणतात, तसंच.

मोरचा जावई विल्यम रोपर याने सासऱ्याचं चरित्र लिहून ठेवलंय. त्यातले किस्से वाचताना मजा येते. एका श्रीमंत विधवेचा निकाल मोरने तिच्या बाजूने दिला होता. नव्या वर्षाची भेट म्हणून तिने हातमोजे आणले, आत ४० पौंडांची सोन्याची नाणी. बाईंच्या हातची भेट नाकारणं असभ्य, म्हणून त्याने हातमोजे ठेवून घेतले आणि नाणी परत केली. दुसऱ्या एका पक्षकाराने सोन्याचा मुलामा दिलेला पेला आणला. मोरला त्याची घडण फारच आवडली. त्याने तो ठेवला आणि बदल्यात स्वतःचा, दिसायला साधा पण जास्त किमतीचा पेला त्या माणसाच्या हाती दिला. दुसऱ्या एका जावयाला, जाइल्स हेरॉनला, सासरेबुवाच न्यायाधीश आहेत म्हटल्यावर तडजोड करायची गरज वाटली नाही. मोरने निकाल सरळ त्याच्या विरोधात दिला.

मला हा मोर आवडतो. प्रामाणिकपणाचा गवगवा नाही, समोरच्याचा अपमानही नाही.

पण त्याला देवघरात बसवण्याआधी हेही ऐका. याच चॅन्सेलरच्या काळात प्रोटेस्टंट विचारांच्या सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळलं गेलं, आणि त्यातल्या काही प्रकरणांत त्याचा स्वतःचा हात होता. बंदी असलेली पुस्तकं बाळगणाऱ्यांना तो शोधून काढायचा, धरून आणायचा. तेही आपापल्या विवेकासाठीच मरत होते. तो काळच तसा होता, असं म्हणून हे झटकून टाकता येतं. मला ते जमलेलं नाही.

आता राजाचं प्रकरण. हेन्रीला राणी कॅथरीनपासून वारस मुलगा नव्हता आणि त्याचा जीव अ‍ॅन बोलिनवर जडला होता. पोप लग्न रद्द करेना. तेव्हा हेन्रीने इंग्लंडच्या चर्चवर स्वतःचा ताबा आणायला सुरुवात केली. मोर कट्टर कॅथलिक. चर्चचा प्रमुख कोण, हे राजाने किंवा पार्लमेंटने ठरवायची गोष्ट आहे असं त्याला मान्यच नव्हतं. राजाच्या स्वभावाबद्दलही तो भ्रमात नव्हता. एकदा हेन्री त्याच्या गळ्यात हात टाकून बागेत तासभर फिरला, तेव्हा रोपर हुरळून गेला. मोरने जावयाला शांतपणे सांगितलं, की माझं डोकं देऊन फ्रान्समधला एखादा किल्ला मिळत असेल, तर ते उडवायला हा राजा मागेपुढे पाहणार नाही.

मे १५३२ मध्ये इंग्लंडच्या धर्मगुरूंनी राजापुढे मान तुकवली. दुसऱ्याच दिवशी मोरने राजीनामा दिला. पगार बंद. त्याने सगळ्या कुटुंबाला बसवून खर्चाचा हिशेब मांडला. हॉस्टेलवाल्यांना हा प्रसंग पटेल. आधी आपण लिंकन्स इनच्या, म्हणजे वकिलांच्या मेससारखं खाऊ. तेही परवडेना झालं तर त्याखालच्या न्यू इनसारखं. मग ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसारखं. आणि तेही झेपलं नाही, तर झोळ्या घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरू, पण सगळे एकत्र. बिशपांनी त्याच्या धार्मिक लेखनाबद्दल काही हजार पौंड जमवून देऊ केले, त्याने ते घेतले नाहीत. पुढच्या वर्षी अ‍ॅनच्या राज्याभिषेकाला यावं म्हणून त्यांनीच पोशाखासाठी २० पौंड पाठवले. ते मात्र त्याने घेतले. समारंभाला गेला नाही.

इथे एक गैरसमज होतो. मोर बंडखोर नव्हता. त्याने भाषण केलं नाही, पत्रक काढलं नाही. तो गप्प राहिला, आणि गप्प राहण्यामागे वकिली डोकं होतं. मौन म्हणजे संमती, हे कायद्यातलं जुनं सूत्र. बोललोच नाही, तर पकडणार कशात? अ‍ॅनच्या मुलांना गादीचा वारस मानायला तो तयार होता, कारण वारस ठरवणं हा त्याच्या मते पार्लमेंटचा अधिकार. पण त्या शपथेत त्याहून बरंच काही गुंफलेलं होतं. शपथ घ्यायची म्हणजे देवाला साक्षीला बोलवायचं. मनाला खोटं वाटतं त्याला देवाची साक्ष कशी काढणार? त्याची सगळी अडचण एवढीच होती.

घरच्यांना हे सोसायला लागलं. बायको अ‍ॅलिस व्यवहारी बाई. चेल्सीचं सुंदर घर सोडून उंदरांच्या कोठडीत बसण्यात काय अर्थ आहे, हे तिने त्याला तोंडावर विचारलं. तुरुंगातल्या त्याच्या आणि त्याच्या नोकराच्या जेवणाचे आठवड्याला १५ शिलिंग तिलाच भरावे लागत, त्यासाठी तिने कपडे विकले. मार्गारेटने स्वतः शपथ घेतली होती, देवाच्या कायद्याला धरून असेल तितकीच, अशी पुस्ती जोडून. तिने बापालाही समजावून पाहिलं. तो बधला नाही, पण तिला किंवा शपथ घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला त्याने दोषही दिला नाही. ज्याचा विवेक त्याच्यापाशी, एवढंच म्हणत राहिला. (जाळलेल्या त्या सहा जणांची आठवण त्याला कोठडीत आली असेल का?)

जून १५३५ मध्ये त्याची पुस्तकं आणि लिहायचं साहित्य काढून न्यायला माणसं आली. त्यांत सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच होता. पुस्तकं बांधली जात असताना त्याने मोरशी कायद्याच्या गप्पा सुरू केल्या. त्यानंतर मोर कोळशाने पत्रं लिहायचा.

१ जुलैला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला चालला. न्यायाधीशांत अ‍ॅनचे वडील, भाऊ आणि मामा. रिचने शपथेवर सांगितलं की राजा चर्चचा प्रमुख होऊ शकत नाही, असं मोर त्या दिवशी आपल्याशी बोलला. मोरने कोर्टाला विचारलं, जे मी राजाला सांगितलं नाही, मंत्र्यांना सांगितलं नाही, ते या माणसाला सांगेन? खोलीत हजर असलेल्या दोघांना साक्षीला बोलावलं. ते म्हणाले, आम्ही पुस्तकं भरण्यात गुंतलो होतो, काही ऐकू आलं नाही. ज्युरीला पाव तास पुरला. दोषी. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानंतरच मोर मोकळेपणाने बोलला आणि राजाला हा अधिकार नाही, हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

६ जुलैला टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाच्या शिड्या डळमळत होत्या. वर जाताना त्याने अधिकाऱ्याकडे आधार मागितला आणि खाली यायचं माझं मी बघेन, अशी थट्टाही केली.

अ‍ॅन बोलिनचं डोकं पुढच्याच वर्षी उडालं. शपथेचा कारभार पाहणारा मंत्री थॉमस क्रॉमवेल १५४० मध्ये गेला. आणि रिचर्ड रिच? तो लॉर्ड झाला, १५४७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाला, मोर बसायचा त्याच खुर्चीत बसला आणि १५६७ मध्ये गडगंज श्रीमंत होऊन मेला.

मोरचं डोकं लंडन ब्रिजवर भाल्याला टोचून ठेवलं होतं. महिनाभराने ते नदीत फेकायचं होतं. त्याआधी मार्गारेटने खटपट करून ते मिळवलं आणि मरेपर्यंत जपलं. कँटरबरीच्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये, रोपर घराण्याच्या तळघरात ते पुरलेलं आहे.